आधी ओळख न दाखवणारी बाई

लेम्पी केस्की आमच्या टॅमरॅक गावात कुणाला आधी ओळख दाखवत नसे. कोऑपच्या दुकानात नाही, पोस्टात नाही, चर्चच्या पायऱ्यांवरही नाही. तुम्ही "काय लेम्पी, बरं आहे ना?" म्हणालात तर ती थांबणार, हसणार, तुमच्या गुडघेदुखीची चौकशी करणार. पण तुम्ही गप्प राहिलात, तर तुम्ही म्हणजे मिठाच्या पोत्यांची थप्पी असल्यासारखी बाजूने निघून जाणार. गावात नवीन आलेली माणसं म्हणायची, काय शिष्ट बाई आहे. आम्ही जुनी माणसं म्हणायचो, शिष्ट नाही हो, तिचं कामच तसं आहे.

काम म्हणजे काय, तर हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून लोकांचं ऐकून घेणं. ती काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, सोशल वर्कर. नवऱ्याच्या हाताला कंटाळलेल्या बायका, बाटली सुटत नाही म्हणून रडणारे बाप्ये, मूल गेलेली आई, असे सगळे मागच्या जिन्याने वर यायचे, तासभर बोलायचे आणि मागच्याच जिन्याने खाली जायचे. तीन हजार वस्तीचं गाव. उद्या लेम्पीने दुकानात एखादीला आपणहून हात केला, तर शेजारी उभा असलेला नवरा विचारणारच, हिची-तुझी ओळख कुठली गं? म्हणून त्या धंद्यातल्या लोकांचा दंडकच असतो, की आलेल्या माणसाला बाहेर आधी ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तर दाखवायची.

लेम्पीने ह्यापुढची अक्कल चालवली. ती म्हणाली, मी फक्त माझ्याकडे येणाऱ्यांनाच हात करत नाही असं ठरलं, तर ज्याला हात केला नाही तो माझ्याकडे येतो हे शेंबड्या पोरालाही कळेल. तेव्हा कुणालाच करायचा नाही. झालं. नियम एकदम पक्का. पण सत्तावीस वर्षं हात खाली ठेवून चालणाऱ्या बाईला सणासुदीला जेवायला कोण बोलावतं, सांगा. नाताळला तिच्या दारात कार्डं यायची ती गॅस कंपनीची आणि दाताच्या डॉक्टरची.

ह्या नियमाला अपवाद एकच, हिल्डा ट्रेम्बाथ. हिल्डाला लेम्पी रस्त्यापलीकडूनही हात करायची, तोही खांद्यापासून. दोघी शाळेपासूनच्या. हिल्डा खाणीत काम करायला आलेल्या कॉर्निश लोकांच्या घरातली, जाडजूड, बोलघेवडी, पेस्टीत, म्हणजे त्यांच्या मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंजीत, रुटाबागा नावाचा सलगमासारखा कंद घालावा की नाही ह्यावर वडिलांशीही भांडलेली. लेम्पी फिन लोकांची, सडपातळ, मोजून बोलणारी. लेम्पीने लग्न केलं नाही. हिल्डाने जॅकशी केलं. जॅक म्हणजे आमचा आसपासच्या खेड्यांत टपाल वाटणारा पोस्टमन, पाकिटावर पत्ता चुकला असला तरी माणूस शोधून काढणारा.

दर शनिवारी दुपारी लेम्पी परसातला सौना तापवायची. एवढीशी लाकडी खोली, कोपऱ्यात भट्टी, भट्टीवर दगड. हिल्डा टॉवेलात गुंडाळून पेस्ट्या घेऊन यायची. दोघी वरच्या फळीवर बसून दगडांवर पाणी टाकायच्या, वाफेत घामाघूम व्हायच्या, नंतर ओल्या केसांनी स्वयंपाकघरात कॉफी आणि वेलचीचा पाव. लेम्पीची आई सांगायची, सौनात चर्चसारखं वागायचं, तिथे खोटं बोलायचं नसतं. हिल्डा म्हणायची, मला तर बाई खोटं बोलायला उसंतच मिळत नाही, खरंच इतकं असतं. वीस वर्षं हे असं चाललं होतं आणि लेम्पीच्या आठवड्यात खरा दिवस तो एकच होता.

मग तो जानेवारी आला. गावालगतच्या सरोवरावरून असं वादळ सुटलं की माणसाला स्वतःचा हात दिसेना. जॅकची गाडी सोळा नंबरच्या रस्त्यावर एका पत्रपेटीपाशी रुतली. तो खाली उतरून फावड्याने बर्फ काढत होता, आणि मागून बर्फ लोटून रस्ता साफ करणारा काउंटीचा ट्रक आला. ट्रकच्या बाजूच्या पात्याचा तडाखा जॅकला बसला. चालवत होता एमिल लाविन, चौतीस वर्षांचा, लाजरा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. त्याची चूक म्हणावी तर तीही नव्हती. त्या दिवशी देवाला तरी काय दिसत होतं कोण जाणे.

रुग्णवाहिका पोचायला चाळीस मिनिटं लागली. ती आली तेव्हा जॅक गेलेला होता आणि एमिल त्याच्याशेजारी बर्फात गुडघे टेकून बसला होता. पोलिसांच्या कागदावर तसंच लिहिलं गेलं: चालक जखमीजवळ होता.

दोन आठवड्यांनी, एका बुधवारी तीन वाजता, एमिल मागच्या जिन्याने लेम्पीकडे आला.

लेम्पीने त्याला तिथल्या तिथे दुसरीकडे पाठवायला हवं होतं. मैत्रिणीच्या नवऱ्याचं प्रकरण आपण घ्यायचं नसतं, हे तिला काय कुणी शिकवायला हवं होतं? पण दुसरी बाई बसायची ती नव्वद मैलांवर, मार्केट नावाच्या शहरात. आणि त्या दिवसापासून एमिलला गावाबाहेर गाडी नेववत नसे. गावातल्या गावात कसाबसा यायचा. लेम्पीने मनाशी म्हटलं, चार-सहा वेळा ऐकून घेऊ, जरा सावरला की पाठवू. इथे फसली ती. आमच्याकडे सगळे असेच फसतात. गाव लहान, माणसं मोजकी, ज्याचं दुखतं तो आणि ज्याने दुखवलं तो एकाच दुकानात बटाटे घेतात.

तिसऱ्या बुधवारी एमिलने तिला खरं काय झालं ते सांगितलं. आता मला हे कसं ठाऊक, असं विचारू नका. गोष्ट सांगणाऱ्याला कायद्याची सूट असते.

एमिल खाली उतरला, जॅकला पाहिलं, पळत ट्रकमध्ये आला आणि वायरलेसवर मदत मागितली. पलीकडची बाई म्हणाली, जा, त्याच्याजवळ बस. एमिल परत खाली उतरला. जॅक जिवंत होता. तो हाका मारत होता, नाव घेऊन नाही, नुसतं "कोणी आहे का? अहो, कोणी आहे का तिथे?" एमिल दहा पावलांवर उभा राहिला. त्याच्याने पुढे जाववेना. तो वळला, ट्रकमध्ये चढला, दार लावून घेतलं, हीटर सुरू केला, आणि तरी हाक ऐकू येत होती म्हणून रेडिओ मोठा केला. चाळीस मिनिटं तो तसाच बसला. लांबून दिवे दिसले तेव्हा खाली उतरून गुडघे टेकले.

"मी त्याला एकट्याला मरू दिलं," एमिल म्हणाला. "हे तुमच्याखेरीज कुणाला कळता कामा नये."

लेम्पी म्हणाली, कळणार नाही. तसं म्हणणं तिचं कामच होतं.

आणि शनिवार काही थांबत नव्हते. नवरा गेल्यावरही हिल्डा पेस्ट्या घेऊन यायची, दोनच्या ऐवजी सवयीने तीन, तिसरी जॅकची. फळीवर बसून जॅकबद्दल बोलायची. लेम्पी ऐकायची, पाणी टाकायची, आणि तिला वाटायचं की आपण ह्या बाईच्या घरात चोरी करून तिच्याचबरोबर कॉफी पितोय. हिल्डाचं बोलणं दर वेळी एकाच जागी येऊन अडायचं. तिने पोलिसांचा कागद वाचला होता. त्यात एमिलच्या अंगावर जाड कोट होता असं लिहिलं होतं. जॅकच्या अंगावर पोस्टाचं जाकीट, बाकी काही नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी तिने ते बोलून दाखवलं.

"तो शेजारी बसला होता ना? चाळीस मिनिटं? मग आपला कोट काढून त्याच्या अंगावर का नाही घातला गं? रस्त्यावर कुत्रं पडलेलं असलं तरी माणूस काहीतरी घालतो." मग म्हणाली, "लेम्पे, तो तुझ्याकडे येतो. लायब्ररीपाशी दर बुधवारी त्याची गाडी असते, आणि एमिल लाविनने जन्मात पुस्तक उघडलेलं नाही. मला बाकी काही नको. जॅक एकटा होता का, एवढंच सांग."

लेम्पीच्या तोंडात एक वाक्य वर्षानुवर्षं घोटलेलं होतं. नवऱ्यांना, सासवांना, शाळेच्या मुख्याध्यापकांना, पाद्रीबुवांनाही तिने ते ऐकवलं होतं. हिल्डाला कधी ऐकवायची वेळ आली नव्हती.

"माझ्याकडे कोण येतं आणि कोण नाही, हे मी सांगत नसते."

 हिल्डा फळीवरून उतरली, कपडे केले, आणि पेस्ट्यांचा टॉवेल तसाच ठेवून केस ओले असताना घरी गेली. एप्रिलमध्येही आमच्याकडे बर्फ असतो. लेम्पीला पहिल्यांदा काय सुचलं असेल, तर हिला आता सर्दी होणार.

खरं सांगायचं तर लेम्पीला "हो, एकटा होता" म्हणणंही जमलं नसतं आणि "नाही" म्हणणंही. पहिल्याने हिल्डा मेली असती आणि दुसरं खोटं होतं. कायदा नसता तरी ती त्या फळीवर तशीच बसून राहिली असती. पण कायदा होता, आणि हिल्डाच्या दृष्टीने मैत्रीण कायद्याआड लपली होती.

पुढे हिल्डाच्या मुलाने, रॉजरने, मिलवॉकीहून येऊन काउंटीवर दावा लावला. वकिलाला लायब्ररीपाशी उभी राहणारी गाडी कळायला दोन दिवस लागले. आमच्या गावात त्याहून जास्त लागत नाहीत. लेम्पीला समन्स आलं: एमिलबद्दल लिहून ठेवलेले सगळे कागद घेऊन हजर व्हा. लेम्पीच्या कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात असायची. ती हजर झाली, कागद आणले नाहीत.

त्या काळी ह्या बाबतीत सगळा सावळा गोंधळ होता. वकिलाजवळ, डॉक्टरजवळ, पाद्र्याजवळ बोललेलं कोर्ट मागत नसे. पण सोशल वर्करजवळ बोललेलं? एक जज म्हणे चालेल, दुसरा म्हणे ती कोण लागून गेली? आमचे जज होल्मन दुसऱ्या जातीतले. म्हातारा वाईट नव्हता, पण त्याला वाटायचं की मन मोकळं करायला माणसाला एक तर देव असतो नाहीतर मासे पकडायची जागा.

त्याने लेम्पीला विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? नाही. वकील? नाही. पाद्री तर नक्कीच नाही. मग लोकांनी तुम्हाला सांगितलेलं कोर्टाने का मागू नये?

"साहेब," लेम्पी म्हणाली, "ह्या गावात मन मोकळं करायला लोकांना दुसरं दार नाही. मी आज एकाचं सांगितलं, तर उद्या त्या जिन्यावर कोणी चढणार नाही."

पुढच्या बाकावर हिल्डा बसली होती, गळ्यात जॅकचा मफलर. मागच्या बाकावर एमिल, नजर बुटांवर. गंमत अशी, की एमिलने नुसतं "सांगू द्या तिला" म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. गुपित त्याचं होतं. कुलूप लेम्पीच्या दाराला असलं तरी किल्ली त्याच्या खिशात. पण तो बोलला नाही. आणि लेम्पीने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही, कारण पाहणं म्हणजे ओळख दाखवणं.

वकिलाने विचारलं, एमिल लाविन जॅक ट्रेम्बाथच्या शेजारी बसला होता की नाही, ह्याबद्दल तो तुमच्याजवळ काही बोलला का? लेम्पीने आपलं वाक्य म्हटलं. जजने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर कोर्टाचा अवमान झाला, आणि तोंड उघडेपर्यंत तिला काउंटीच्या तुरुंगात ठेवायचा हुकूम निघाला. बाहेर नेताना ती हिल्डाच्या बाकाजवळून गेली. हिल्डा मोठ्याने बोलली नाही, पण आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुला आत राहणं सोपं आहे, लेम्पी. त्या माणसाच्या कोटाची तुला माझ्यापेक्षा जास्त काळजी."

तुरुंगात लेम्पी चार दिवस होती. तिथली पहारेकरीण गावातलीच. लेम्पीने तिला ओळख दाखवली नाही, तिनेही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून लेम्पीच्या ताटात पावाच्या दोन जास्तीच्या चकत्या आणि लोण्याचा मोठा गोळा यायला लागला. ती बाई कधी हार्डवेअरच्या मागच्या जिन्याने चढली होती का, हे मी सांगणार नाही. लेम्पीचा वारा लागला म्हणा.

चौथ्या दिवशी वरच्या कोर्टाने हुकूम थांबवला आणि ती सुटली. वरचं कोर्ट काय ठरवतं ते कळायच्या आतच रॉजर आणि काउंटी यांच्यात तडजोड झाली, कागदांवर सह्या झाल्या, दावा संपला. आता लेम्पीला तो प्रश्न विचारायची कुणाला गरज उरली नाही. हिल्डाच्या घरात मात्र तो तसाच राहिला.

एमिलने बुधवारी येणं सोडलं. ट्रकही सोडला आणि लाकडाच्या गिरणीत लागला. गाव दोन महिने लेम्पीबद्दल बोललं: अर्धे म्हणाले बाई वाघीण आहे, अर्धे म्हणाले दगड आहे. जिन्यावरची वर्दळ वाढली, हेही खरं. पण वाघिणीला काय आणि दगडाला काय, घरी कोण बोलावतं? हिल्डा रस्त्यात समोरून आली की मान फिरवायची. पहिल्या वेळी लेम्पीचा हात सवयीने खांद्यापर्यंत गेला आणि तिथून तिने तो टोपी नीट करायला नेला. पुन्हा तिने हात उचलला नाही.

शनिवारी सौना मात्र ती तापवायची. एकटीसाठी तीन ओंडके पुरतात, ती पाच घालायची. धुराडं हिल्डाच्या स्वयंपाकघरातून दिसतं, हे तिला पक्कं माहीत होतं. वरच्या फळीवर आपल्या जागी बसायची, शेजारची जागा सोडून. कधी कधी ती मोठ्याने बोलायची: "तो एकटा होता, हिल्डा." फक्त एवढंच, बंद खोलीत, दगडांना उद्देशून. मग पाणी टाकायची. वेलचीचा पाव तिने करणं सोडलं, कारण एकट्या माणसाला अख्खा पाव संपत नाही आणि उरलेला टाकताना जीव तुटतो. अशी तीन वर्षं गेली. तीन वर्षांचे शनिवार किती होतात ते तिला कुणी विचारलं असतं तर तिने आकडा सांगितला असता.

मार्चमधल्या एका शनिवारी ती पाचवा ओंडका आत सारत होती, तोच फाटक वाजलं. हिल्डा उभी. केस पांढरे झालेले, हातात टॉवेलचं गाठोडं.

"दगड तापलेत का नीट," हिल्डा म्हणाली, "की अजून पूर्वीसारखी घाई करतेस?"

 लेम्पीने दार उघडलं. दोघी आत गेल्या, फळीवर बसल्या. हिल्डा बसली तशी फळी करकरली, आणि तेवढ्या आवाजाने लेम्पीला रडू आलं. सौनात एक बरं असतं, घाम कुठला नि काय कुठलं, कळत नाही.

हिल्डाने सांगायला सुरुवात केली. मंगळवारी एमिल तिच्या दारात आला होता. टोपी हातात, पायरीवर उभा. तिने दार लावायला घेतलं तर म्हणाला, बाई, कोटाबद्दल सांगायचंय. तीन वर्षं म्हणे त्याच्याने सांगवेना. वकिलांनी आधी तोंड बंद करायला सांगितलं, मग सवय झाली. हिल्डाने त्याला आत घेतलं. तो स्वयंपाकघरात बसून बोलला आणि बोलताना एकदाही वर बघितलं नाही.

"त्याने कोट घातला होता गं," हिल्डा म्हणाली. "जॅकच्या अंगावर. लगेच काढून घातला होता. आणि जॅकनेच तो परत दिला. म्हणाला, पोरा, घाल तू, मला आता थंडी वाजत नाहीये, तुला अजून घरी जायचंय. परत दिला, लेम्पे! मरताना! मी तीन वर्षं डोकं आपटून घेतलं, आणि हे मला सुचलंच नाही. तीस वर्षं ज्याने आधी मला जेवलीस का विचारून मगच स्वतःचा डबा उघडला, तो दुसऱ्याचा कोट ठेवून घेईल होय? शेवटपर्यंत हात धरून बसला होता म्हणाला एमिल. आणि जॅक माझ्याबद्दल बोलत होता. पेस्टीत रुटाबागा हवाच, हे सुद्धा बोलला म्हणे."

लेम्पी दगडांकडे बघत होती. बंद दार, हीटर, मोठा केलेला रेडिओ. कोणी आहे का तिथे? ह्यातला एक शब्दही आता जगात कुणाला नको होता. एमिलने तीन वर्षं बसून ही गोष्ट टाक्याटाक्याने शिवली होती. कोटाची गोष्ट गावभर झाली होती, आणि रुटाबागाचं तर कोऑपमध्ये कुणीही सांगितलं असतं. लेम्पीला त्याचा राग यावा, असं वाटलं. आला नाही. हेवा वाटला. तो हिल्डाच्या स्वयंपाकघरात बसून तिला काहीतरी देऊन आला होता.

हिल्डाने तोंड पुसलं आणि आवाज बदलला.

"आणि हे तुझ्याजवळ होतं. एवढंसं. 'एकटा नव्हता गं', बस्स. तू मला ते दिलं नाहीस. तुरुंगात गेलीस, पण दिलं नाहीस. मी तुला माफ करायला आलेय, पण मला तुझा फार राग आहे, आणि तो काही आज जाणार नाही."

"बरोबर आहे," लेम्पी म्हणाली.

"आता त्यानेच सांगितलंय. आता कुठला कायदा आडवा येतो? आईची शपथ आहे तुला, इथे खोटं बोलायचं नसतं. तुलाही हेच सांगितलं होतं ना त्याने? नुसतं हो म्हण."

एमिलने हिल्डाला जे सांगितलं ते एमिलचं. लेम्पीला जे सांगितलं होतं ते अजूनही कुलपात होतं, आणि त्या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. "हो" म्हटलं तर सौनात खोटं. "नाही" म्हटलं तर जॅक पुन्हा एकदा बर्फात एकटा. लेम्पीला त्या क्षणी आपलं सगळं आयुष्य नको झालं होतं. तिने पळीभर पाणी दगडांवर टाकलं. वाफ उसळली, दोघींचे चेहरे दिसेनासे झाले.

"माझ्याकडे कोण येतं आणि कोण नाही," ती म्हणाली, "हे मी सांगत नसते."

 वाफेत हिल्डा हसली. आधी हळू, मग पोट धरून, मग हसता हसता रडली, आणि तिने लेम्पीच्या ओल्या खांद्यावर एक फटका मारला.

"मेलीस तरी सुधारणार नाहीस. कळलं मला. कळलं बरं."

तिने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला होता. कॉफी पिताना तिने सांगितलं, की मंगळवारपासून तिला झोप लागतेय, आणि पुढच्या शनिवारी वेलचीचा पाव हवा. लेम्पी म्हणाली, करीन. हिल्डा फाटकातून बाहेर पडून वळणापर्यंत हात हलवत गेली. लेम्पीनेही हलवला, खांद्यापासून. मग आत येऊन तिने हिल्डाचा कप विसळला आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिली. आता त्या बंद खोलीत एकटीनेसुद्धा 'तो एकटा होता' हे वाक्य मोठ्याने म्हणायची सोय उरली नव्हती.

सोमवारी ती कोऑपमध्ये रुटाबागा निवडत होती. मिठाच्या पोत्यांपाशी एमिल उभा होता. ती नेहमीसारखी नजर न उचलता पुढे निघाली. दुकानात सात-आठ माणसं होती, त्यातली निम्मी कोर्टात येऊन बसलेली.

"मिस केस्की," एमिल म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

लेम्पी थांबली. तीन वर्षांत, नव्हे, ओळख झाल्यापासून पहिल्यांदा त्याने आधी ओळख दाखवली होती. त्याचा चेहरा उतरला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. हिल्डाला झोप लागायला लागली त्या दिवसापासून बहुधा त्याची गेली होती.

"कसा आहेस, एमिल?"

तो जवळ आला. "बुधवारी जागा आहे का तुमच्याकडे?"

लेम्पीने हातातला रुटाबागा पिशवीत टाकला. ह्याला मन मोकळं करायला निदान बुधवार होता.

"आहे," ती म्हणाली. "तीन वाजता. गाडी लायब्ररीपाशी लाव."